उजवा साडेपाच

मन्सूरभाईंच्या नारायण पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात, अक्षरांच्या तक्त्याखाली एक पाटी आहे : 'दिसत नसल्यास तसे सांगावे. अंदाज करू नये.' पाटी त्यांच्या वडिलांनी लावली. तिच्यामुळे बरीच गिऱ्हाइकं दुखावली, सुधारलं कुणी नाही.

निवृत्त झाल्यापासून मी रोज अकराला तिथे जाऊन बसतो. चष्मा एकच आहे, पण त्याचे स्क्रू सारखे सैल होतात.

यंदा महिनाभर दुकानात एकच विषय होता. मन्सूरभाईंची मुलगी आलिया, वय तेवीस, चष्मा दुसरीपासून, नोकरी आयटीत, हिला लेझर करून घ्यायचं होतं.

"काका, मला फार काही नको," ती म्हणायची. "सकाळी डोळे उघडल्यावर भिंतीवरचं घड्याळ दिसावं, बास. आत्ता आधी चष्मा शोधावा लागतो, आणि तो शोधायला चष्मा लागतो."

नंबर वर्षभर स्थिर असला तरच लेझर करतात. तिचा तर तीन वर्षं स्थिर होता. अब्बांनी दरवर्षी डोळे तपासून लिहून दिलेली नंबरांची तीन कार्डं तिच्या पर्समध्ये होती. तिन्हींवर उजवा साडेपाच.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की कोणतं लेझर. लॅसिकमध्ये बुबुळावरचा पापुद्रा कापून उलटतात, लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. स्माईलमध्ये पापुद्रा नाही, बारीक चिरेतून आतली चकती ओढून काढतात. पीआरकेमध्ये नुसती वरची साल काढतात आणि पुढे चार दिवस डोळ्यांत मिरची. शेजारच्या बांगडीवाल्या आनंदीबाईंनी स्माईलला मत दिलं. नाव चांगलं आहे म्हणाल्या.

मन्सूरभाईंना एकही पसंत पडेना.

"पापुद्रा हलला तर?"

"मग स्माईल करू."

"चकती पूर्ण निघाली नाही तर?"

"मग पीआरके, अब्बा. त्यात काही उलटत नाहीत, काही ओढत नाहीत."

"चार दिवस रडशील."

"चष्मा लावून रडलेच की इतकी वर्षं."

ती गेल्यावर मी म्हणालो, "मन्सूरभाई, एक गिऱ्हाईक गेलं म्हणून दुकान बसत नाही हो."

ते हसले नाहीत. हा माणूस माझ्या विनोदांना तीस वर्षं हसत आला होता, त्यातले पुष्कळ तेच ते असूनही. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

कर्वेनगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. मला का नेलं, ते मन्सूरभाईंनाही सांगता आलं नसतं. डॉक्टर शर्मिलांनी कार्डं पाहिली. आलियाचा चष्मा नंबर मोजायच्या मशीनवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"कार्डावर साडेपाच आहे, चष्म्यात साडेसात आहे. चष्मा कुणी केला?"

"अब्बांनी."

"आणि कार्ड?"

आलियाने अब्बांकडे पाहिलं. अब्बा भिंतीवरचं डोळ्याचं चित्र पाहत होते, जणू आजवर पाहिलंच नव्हतं.

मग बुबुळांचे रंगीत नकाशे काढून झाले. डॉक्टर बराच वेळ ते न्याहाळत होत्या.

"तिन्हींतलं एकही होणार नाही," त्या म्हणाल्या. "बुबुळावरचा पडदा पातळ होत होत पुढे टोकदार होतोय. त्यावर लेझर मारलं तर आहे तेही जाईल. औषधाचे थेंब टाकून, विशिष्ट उजेड पाडून पडदा घट्ट करता येतो. त्याने चष्मा जायचा नाही, पुढची घसरण थांबेल. बहुतेक." मग मन्सूरभाईंकडे वळून, "नंबर असा भराभर वाढतोय म्हटल्यावर दोन वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. पुष्कळ वाचलं असतं. उजव्या डोळ्याला आता चष्म्यानेही पूर्ण दिसणार नाही."

परतताना रिक्षात मी मध्ये बसलो. म्हात्रे पुलावर आलियाने विचारलं,

"का, अब्बा?"

"नंबर साडेपाचवर गेला तेव्हा तू रडलीस. दोन दिवस जेवली नव्हतीस. वाटलं, पुढच्या वर्षी थांबेल, मग कार्ड आणि डोळा जुळून जाईल." ते माझ्या गुडघ्याकडे पाहून बोलत होते. "चष्मा मात्र बरोबर दिला, बेटा. चष्म्यात कधी फसवलं नाही."

"चष्मा बरोबर होता, म्हणून तर मला कळलं नाही."

मी आयुष्यभर भलत्या वेळी बोलण्याबद्दल प्रसिद्ध. त्या दिवशी नुसते रिक्षाचे पैसे दिले.

दुकानात शिरल्यावर तिने तिन्ही कार्डं काउंटरवर मांडली.

"खरे नंबर लिहा."

मन्सूरभाईंनी पेन काढलं. मला वाटलं, आता जुन्या वह्या निघतील, शोधाशोध होईल. त्यांनी एकही वही उघडली नाही. पहिल्या कार्डावर साडेपाच खोडून सहा लिहिलं, दुसऱ्यावर पावणेसात, तिसऱ्यावर साडेसात. हात कुठे थांबला नाही.

आलियाने कार्डं उचलली, तपासणीत झाकतात तसा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने एकेक करून वाचली.