साडेसहाचे दहा कंटेनर

“दादा, रविवारची टेस्ट कुणामुळं बुडाली?” दादाला असं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर वर्गात विचारलं. लातूरच्या आमच्या क्लासचं ॲप संगमेशदादा सांभाळतो. तो म्हणाला, “सर्व्हरमुळं.” मी ऐटीत खाली बसले.

वर्ग सुटल्यावर त्यानं मला लॅपटॉप दाखवला. ॲप कंटेनरमध्ये चालतं, म्हणजे सर्व्हरवर त्याच्या एकसारख्या प्रती चालतात. पोरं वाढली की कंटेनर वाढवावे लागतात. सकाळी सातच्या टेस्टसाठी साडेसहाला दोनाचे दहा व्हावेत, असं वेळापत्रक दादाला मदत म्हणून मीच हौसेनं लावलं होतं. पण सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं होतं. दहा कंटेनर दुपारी बाराला सुरू झाले; टेस्टला दोनच होते, म्हणून बऱ्याच जणांचा पेपर उघडलाच नाही.

“मघाशी बोलला का न्हाईस?”

“सगळ्या पोरी ऐकून राहिल्या होत्या, मंजू.”

क्लासच्या वसतिगृहातल्या फुकट जागा त्याच टेस्टवर ठरणार होत्या; ज्यांचा पेपर उघडला, त्यांनाच त्या मिळाल्या. माझ्या वर्गातल्या लुंबिनीचा उघडला नाही. परवा ती सामान घेऊन आपल्या घरी, बिलोलीला परत गेली. जाताना म्हणाली, “माझंच नेट खराब असंल गं.”

संध्याकाळी जेवताना मी आईपप्पांना सांगितलं, “उद्या मी शाळेत जाणार न्हाई. बिलोलीला जाणार हाय. चूक माझी होती, हे लुंबिनीला तिच्या घरच्यांसमोर सांगणार.”