बाण नसलेला चौकोन

धोक्याची घंटा वाजली तेव्हा अण्णा लिफ्टमध्ये होते. त्यांची लेक तळमजल्यावर होती. इमारतीतली यंत्रं एकमेकांसाठी किती वेळ थांबतील, याचा हिशेब तिनेच मांडला होता.

तळघरातून धूर येत होता. तो अडवणारा लोखंडी पडदा अर्ध्यावर अडकला होता, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. एरवी दोघांतलं जे आधी सुरू होई, त्याला दुसरं वाट देई. आज दोन्ही एकाच क्षणी सुरू झाली होती आणि आता एकमेकांसाठी थांबली होती.

"ताई, घाबरू नका, सुटेल आपोआप," शेजारी उभा असलेला लिफ्टचा मिस्त्री म्हणाला.

"नाही सुटणार!"

त्या काळी असे हिशेब कागदावर मांडत. प्रत्येक अवस्थेला एक चौकोन, पुढच्या अवस्थेकडे एक बाण. दोन्ही यंत्रं एकमेकांसाठी अडून बसतील, या अवस्थेची शक्यता इतकी नगण्य निघाली होती, की आकृती आटोपशीर व्हावी म्हणून तिने तो चौकोनच खोडला होता. त्यामुळे त्यातून बाहेर जाणारा, म्हणजे यंत्रांना सोडवणारा, बाणही नव्हता.

लिफ्टमधल्या फोनवर अण्णा खोकले. "काय गं, तुझ्या गणिताला माझाच मुहूर्त सापडला?"

"बोलू नका अण्णा, तोंडावर रुमाल धरा!"

तिने मिस्त्रीला पडद्याची वीज तोडायला लावली. दोघं पडद्याला लोंबकळले. तो खणकन जमिनीला टेकला आणि त्याच्यासाठी थांबलेली लिफ्ट हलली.

अण्णा हसतच बाहेर आले. ती मात्र दाराकडे धावली. शेजारच्या इमारती त्याच हिशेबावर चालत होत्या, आणि तिथल्या लिफ्टमध्ये आत्ताही माणसं चढत होती.