डेकखालच्या नळ्या

दोघे सख्खे भाऊ, एकच बोट, आणि वर्ष होत आलं तरी एकमेकांशी चकार शब्द नाही! निरोप असला की मोठ्याच्या बायकोमार्फत. "वहिनी, त्यांना सांगा, जाळी शिवून झाली." 'त्यांना' म्हणे! ज्याने पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, तो आता 'ते' झाला. मोठ्याच्या मनाला हे फार लागायचं. पण आधी बोलायचं म्हणजे नमतं घ्यायचं, आणि ताठा दोघांनाही बापाकडूनच आलेला.

भांडण पाण्यावरून. मासळी भरून परतताना बोटीच्या तळात पाणी साचायचं. मोठा म्हणे, धाकट्याने फळ्यांच्या फटी नीट बुजवल्या नाहीत. धाकटा म्हणे, ह्याने बोट धक्क्यावर आपटली. रिकामी बोट बांधून दोघांनी सगळा तळ चाचपला, थेंब सापडला नाही. मग तर प्रत्येकाची खात्रीच पटली, की दुसरा काहीतरी लपवतोय. शेवटी बोट विकायचं ठरलं. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. बोट गेली की भेटायचं निमित्तही गेलं, हे मोठ्याला कळत होतं. पण तोंड उघडेल तर शपथ!

गिऱ्हाइकाची अट एकच: डेकवरचं पाणी बाहेर समुद्रात सोडणाऱ्या आतल्या रबरी नळ्या जुनाट झाल्यात, त्या बदला. हे एकट्याचं काम नव्हेच. एकाने वरून पाणी ओतायचं, दुसऱ्याने डेकखाली आडवं पडून क्लिपा आवळायच्या आणि गळतंय का ते बघायचं. तोडगा वहिनींनी काढला. खालून पान्याचा एक ठोका म्हणजे ओत, दोन म्हणजे थांब. "तुमचे निरोप वाहत इथे बसायला मला वेळ नाही," म्हणत त्या घरी निघून गेल्या.

धाकट्याने पहिली जुनी नळी ओढून काढली आणि वर सरकवली. मोठ्याने ती उलटी करून पाहिली. मागच्या बाजूने, जिथे हात पोचत नाही की नजर, तिथे ती चांगली लांबलचक फाटली होती. आता त्याला उमगलं. बोट भरली की दबते, नळीचं बाहेरचं तोंड पाण्याखाली जातं, आणि समुद्र ह्या चिरेतून सरळ आत! रिकाम्या बोटीत थेंब सापडणार कुठून? ना फळ्यांचा दोष, ना धक्क्याचा. आणि आपण सख्ख्या भावाला खोटारडा ठरवून बसलो.

खाली धाकट्यानेही ते पाहिलंच असणार. मोठ्याने फाटकी नळी बाजूला ठेवली आणि बादली भरून घेतली. डोळे मात्र भरून आले.

एकेक नळी बसत गेली. शेवटच्या नळीला ठोका आला, मोठ्याने बादली कलती केली. खाली काहीतरी खणकन पडलं.

"अरे दादा, थांब! क्लिप ढिली राहिली! नाकातोंडात पाणी गेलं माझ्या!"

मोठ्याने बादली सरळ केली.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

"थांब म्हणतोय, दादा!"

ऐकू स्वच्छ आलं होतं. तरी त्याने उरलेलं पाणी ओतूनच टाकलं.

"दादा! बुडवतोस का मला?"

मोठा डेकवरच्या भोकाशी वाकला. "ते सोमवारचं गिऱ्हाईक..."

"त्याला येऊ नको म्हणून सांग आधी," खालून धाकटा ओरडला, "आणि मग खाली येऊन माझा पाना शोध!"