बटणाखालचं रबर

"तिसरा रिमोट आहे हा! आता काय टीव्हीच भंगारात घालू?" दार उघडताउघडताच सूनबाईंनी माझ्यावर तोफ डागली.

"ताई, आधी नाडी तर बघू द्या, मग मयत जाहीर करा," मी म्हणालो. माझं तोंड पहिल्यापासून असंच फटकळ. तीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त करतोय, पण गोड बोलणं काही जमलं नाही.

टीव्हीसमोरच्या खुर्चीत त्यांचे सासरे बसले होते. कोर्टात टाइपिस्ट होते म्हणे. निवृत्त होऊनही वीस वर्षं झालेली. मुलगा-सून सकाळी कामावर जायचे ते संध्याकाळी उगवायचे. तोवर घरात काका आणि टीव्ही.

"दहादा दाबावं तेव्हा एकदा चॅनल बदलतं, असं बाबा म्हणतात," सूनबाई म्हणाल्या. "आम्हाला कुठला वेळ बघायला? तुम्हीच काय ते बघा." आणि त्या डबे भरायला आत गेल्या.

मी सेल बदलले. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरला. बटण दाबलं की जांभळट ठिपका लुकलुकला, म्हणजे रिमोट जिवंत. टीव्हीचा डोळा पुसला. जवळून दाबलं, दारातून दाबलं. दर वेळी चॅनल मुकाट्याने बदललं.

"काका, आता तुम्ही दाबा बरं."

त्यांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. अंगठा बटणावर नुसता टेकत होता. नख जरासुद्धा पांढरं पडत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"कधीपासून?" मी आवाज उतरवून विचारलं.

"झाले पंधरा दिवस. उजवाच हात." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "बोलू नका. मागे हातून कप पडला, तर मुलानं वृद्धाश्रमाचे फॉर्म आणले. पुन्हा काही झालं तर तिकडेच ठेवतो म्हणाला. पोरगा वाईट नाही हो. पण मला इथेच राहायचंय."

"अहो, पण डॉक्टरला तरी दाखवा की!"

"नेणार कोण? तोच ना?" मग हसले. "मिनिटाला साठ शब्द मारायचो मी. आता हे एक बटण ऐकेना."

सूनबाईंना हाक मारायला हवी होती. पण काका असे बघत होते की माझी जीभच उचलेना. मग मला जे येतं ते मी केलं. रिमोट उघडला. बटणाखाली रबर असतं. ते दाबलं की खालच्या पट्टीला टेकतं आणि काम होतं. ब्लेडने ते रबर कडेकडेने तासून पातळ केलं. एकेक बटण, जपून. आता नुसता स्पर्श पुरे होता.

काकांनी अंगठा टेकवला. चॅनल बदललं. पुन्हा टेकवला, पुन्हा बदललं. चेहरा असा फुलला त्यांचा की मलाच माझं कौतुक वाटलं. शाबास रे गड्या, म्हटलं.

"रिमोटच हट्टी होता, ताई," मी आत ऐकू जाईल असं ठोकून दिलं. "काकांचा काही दोष नाही."

तीन आठवड्यांनी सूनबाईंचा फोन आला. "अहो, रिमोटला जरा धक्का लागला तरी चॅनल बदलतं. पूर्वीसारखा करून द्या."

गेलो. काकांची खुर्ची भिंतीला सरकवलेली, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. माझी नजर तिथे अडकलेली सूनबाईंना दिसली.

"बारा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "दुपारी गेले. आम्ही दोघंही कामावर. आलो तर टीव्ही चालूच होता." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "मेंदूचा झटका. डॉक्टर म्हणाले, आधीपासून हातातली ताकद गेली असणार. तेव्हाच आणलं असतं तर कदाचित... घरात राहून आम्हाला कळू नये? ह्यांनी रागात वृद्धाश्रमाचे फॉर्म आणले आणि दुसऱ्याच दिवशी फाडून टाकले, पण बाबांना सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही आला होतात ना त्या दिवशी? तुम्हाला तरी काही जाणवलं होतं का हो?"

फटकळ तोंड माझं! त्या दिवशी काही ते उघडलं नाही, आताही नाही. मी मान हलवली. नाही म्हणून.

रिमोटमध्ये नवं रबर बसवलं. सूनबाईंनी बटण दाबलं. जोर लावावा लागला. अंगठ्याचं नख पांढरं झालं, तेव्हा चॅनल बदललं.

"हं, आता बरोबर," त्या म्हणाल्या. "आधी काय करून ठेवलं होतं तुम्ही?"

"चुकलं होतं, ताई," मी म्हणालो. तासलेलं रबर खिशात टाकलं आणि पिशवी उचलली.