पाण्याची साक्ष

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, वकील तर पोटासाठीच बोलतो. पण पाणी?"

"नाही बोलत!" अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं.

हे सभागृह कुठल्या मठातलं नव्हतं, आमच्या खात्याचं होतं. सरकारी फसवणूक तपास खातं. मी तिथली उपमहासंचालक. लोकांना गंडवणाऱ्यांना पकडायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. आणि त्या दुपारी पहिल्या रांगेत बसून मी साक्षीबाबा नावाच्या माणसाचं प्रवचन ऐकत होते, कारण आमच्या महासंचालक साहेबांनीच त्याला बोलावलं होतं. निमित्त होतं 'शुचिता सप्ताहा'चं. आठवडाभर शुचिता पाळायची, बाकी वर्ष मोकळं.

बाबाची रीत साधी होती. माणूस पुढे यायचा. बाबाचा शिष्य त्याला पांढरा रुमाल द्यायचा. "हात कोरडे करा. मनाची ओल पाण्यात गेली तर साक्ष बाटते!" मग त्या माणसाने 'मी निर्दोष आहे' असं म्हणून काचेच्या भांड्यात हात बुडवायचे. पाणी तसंच राहिलं तर माणूस निर्मळ. लाल झालं तर पापी.

त्या दिवशी सरकारी इस्पितळाच्या प्रकरणातल्या माणसांना बोलावलं होतं. न्यूमोनिया झालेल्या मुलांना दिलेल्या इंजेक्शनांत औषधच नव्हतं, नुसतं खारं पाणी होतं. मुलं दगावली होती. तपास आमच्याकडे होता आणि तो जागचा हलत नव्हता, कारण इंजेक्शनं पुरवणारा कंत्राटदार रोज सकाळी आमच्या साहेबांबरोबर फिरायला जायचा.

आधी कंत्राटदार आला. हात बुडवले. पाणी काचेसारखं स्वच्छ. टाळ्या झाल्या. साहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मग इस्पितळातली फार्मासिस्ट बाई आली. पहिली तक्रार तिनेच केली होती. इंजेक्शनाची कुपी घेऊन ती स्वतः माझ्या खोलीत आली होती, 'मॅडम, हे औषध नाही' म्हणून. तिला कसली भीती? ती ताठ मानेने पुढे आली, हात पुसले, बुडवले.

पाणी लाल झालं. आधी गुलाबी धागे सुटले, मग सगळं भांडं जास्वंदीसारखं रंगलं. बाई हात वर काढून बघतच राहिली.

"लेकरांचं रक्त!" बाबा गरजला. "पाणी बोललं!"

मागून कोणी तरी चप्पल फेकली. एका मेलेल्या मुलाची आई किंचाळत पुढे धावली. त्या गदारोळात मी मात्र शिष्याच्या हाताकडे बघत होते. कंत्राटदाराला रुमाल देताना त्याने तो मुठीत धरला होता. बाईला देताना दोन बोटांच्या चिमटीत, अगदी कोपऱ्यावर, अंगापासून लांब. ती पकड मी ओळखत होते. आमच्या सापळा पथकात, म्हणजे लाच घेणाऱ्यांना रंगेहाथ पकडणाऱ्या पथकात, पहिल्या दिवशी तीच पकड शिकवतात.

आणि सभागृहात त्या पथकाची सगळी माणसं बसली होती.

बाहेर पडल्यावर मी पथकाच्या निरीक्षकाला बाजूला घेतलं. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं की, मॅडम. तो शिष्य आपलाच जुना शिपाई." तो बुटांकडे बघत म्हणाला. "पण साहेब टाळ्या वाजवत होते."

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, तो शिष्य आपल्याच पथकात होता. शिपाई म्हणून. तुम्हीच त्याला वेळेआधी निवृत्ती दिलीत."

"असेल. माणसाला नंतर भक्तीची ओढ लागते."

"ती बाई साक्षीदार आहे आपली. तिचे हात लाल करून तुम्ही खटलाच मारून टाकताय."

साहेबांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मॅडम, मी लवकरच निवृत्त होतोय. या खुर्चीसाठी मी तुमचंच नाव कळवणार आहे. पहिल्या महिला महासंचालक! उगाच श्रद्धेच्या विषयात कशाला हात घालता? हात पोळतात."

खोटं कशाला सांगू, ती खुर्ची मला हवी होती. त्यासाठी मी संसाराची आणि झोपेची माती केली होती. चहा तिथेच ठेवून मी उठले, पण उत्तर देऊन उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईच्या घरी गेले. दार सासूने उघडलं, अर्धंच. "पोरीला आम्ही तिच्याजवळ झोपू देत नाही," मी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं. नवरा आतून म्हणाला, "मी तिच्या बाजूने उभा राहिलो असतो हो. पण सगळ्यांदेखत झालं ना. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

बाई मोरीपाशी बसली होती. हात घासून घासून तिने बोटांची सालं काढली होती.

"मॅडम, मी काही केलेलं नाही."

"मला माहीत आहे."

"पण मग पाण्याला कसं कळलं?" तिने हळूच विचारलं. "एकदा पोरीचा गुडघा फुटला होता. तेव्हा मी इस्पितळातलं बँडेज घरी आणलं होतं, न विचारता. ते असेल का?"

चोर मोकळा फिरत होता, आणि ही बाई आपल्या पापाच्या शोधात एका बँडेजपर्यंत पोचली होती. खुर्चीचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला.

सप्ताहाच्या शेवटच्या सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. वार्ताहर होते, मेलेल्या मुलांचे आईबाप होते. त्या दिवशी साक्ष होती इस्पितळाच्या भांडारपालाची. बाईच्या तक्रारीला दुजोरा देणारा तो एकटाच उरला होता. शिष्याने पिशवीतून रुमाल काढला. चिमटीत, कोपऱ्यावर धरून.

मी मंचावर चढले आणि तो रुमाल काढून घेतला. शिष्य मला ओळखत होता. जुनी सवय, तो सावधान उभा राहिला.

"बाबा," मी ध्वनिक्षेपकात म्हटलं, "आधी साक्ष घेणाऱ्याचे हात शुद्ध नकोत का? मला तुमची सेवा करू द्या."

लोकांना ते फार आवडलं. टाळ्या पडल्या. बाबा हात मागे घेत म्हणाला, "अगं माउली, आम्ही संन्यासी. आम्हाला कसली परीक्षा?"

"मग भीती कसली?" मागून एक बाप ओरडला.

मी बाबाचे दोन्ही तळवे नीट पुसले आणि मनगटं धरून भांड्यात बुडवले. पाणी लालभडक झालं.

पर्समधून अर्धं लिंबू काढून मी भांड्यात पिळलं. रंग विरला. पाणी पुन्हा निर्मळ.

"बघा," मी म्हणाले, "बाबांचं पाप अर्ध्या लिंबात गेलं. आता नीट ऐका. या रुमालाला फिनॉल्फ्थॅलिन नावाची पांढरी पूड लावली आहे. पांढऱ्यावर पांढरी, दिसत नाही. भांड्यात धुण्याचा सोडा आहे. दोन्ही एकत्र आली की रंग येतो, लिंबाने जातो. ज्याला पापी ठरवायचं त्याला पूड लावलेला रुमाल, ज्याला सोडायचं त्याला साधा. लाचेच्या नोटांना हीच पूड लावून आम्ही लाचखोर पकडतो. ही विद्या हिमालयातून आलेली नाही, आमच्या खात्यातून आली आहे. या सभागृहातल्या प्रत्येक तपास अधिकाऱ्याला ती येते. विचारा त्यांना."

कोणी विचारलं नाही. अधिकारी माना खाली घालून बसले होते. साहेब बाजूच्या दाराने निघून गेले होते.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. मला वाटलं, बाबाला जाब विचारेल. ती त्याच्या पायांवर पडली. "देवा, आमचं पाप तुम्ही स्वतःच्या हातांवर घेतलंत!"

आणि तिच्यामागे रांग लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. वार्ताहरांनी छापलं म्हणून कंत्राटदाराला अटक झाली. तो जामिनावर आहे. बाबाने मुक्काम हलवला. गर्दी घटली नाही, असं ऐकते. साहेब सत्कार घेऊन निवृत्त झाले. खुर्चीवर दुसरे गृहस्थ आले आणि माझी बदली एका अशा कार्यालयात झाली, जिथे फोनही वाजत नाही. फार्मासिस्ट बाईला खात्याने निर्दोष म्हटलं. ती कामावर परतली, पण लोक तिच्या खिडकीसमोरची रांग सोडून शेजारच्या लांब रांगेत उभे राहायचे. तिच्या हातून औषध नको म्हणायचे. तिने नोकरी सोडली. मुलीला घेऊन ती दुसऱ्या गावी गेली, आणि जाताना मला भेटली नाही. तिला दोष देववत नाही.

त्या म्हातारीवर माझा राग नाही. तिला कोणी कधी काही शिकवलंच नव्हतं. माझा राग आहे तो त्यांच्यावर, ज्यांना सोडा कळत होता, पूड कळत होती, आणि जे तरीही टाळ्या वाजवत बसले. शहाण्यांचं मौन हेच बुवाचं खरं भांडवल. म्हणून हात जोडून नाही, ठणकावून सांगते: कोणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे कसं झालं? मग विचारा, यात कोणाचा फायदा? आणि उत्तर ठाऊक असेल तर तिथेच, त्याच क्षणी, सगळ्यांदेखत उभे राहून बोला. नंतर सांगितलेलं सत्य खरंच असतं, पण तोवर कोणाचं तरी घर उठलेलं असतं.