न ओढलेला जोड

मला वायर जोडायला कुणी शिकवू नये. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. आमचे पहिले साहेब सांगायचे, "जोड़ा है तो खींच के देख." त्या दिवसापासून एकही जोड ओढून बघितल्याशिवाय सोडला नाही. फक्त एकदा सोडला, आणि तेवढ्यानेच भर सभेत तोंडचं पाणी पळालं.

माझी थोरली जाऊ मधुवंती, मी तिला ताई म्हणते, हार्मोनियम वाजवायची. लश्कर भागातल्या आमच्या मराठी समाजाच्या कार्यक्रमात तीस वर्षं गाणारे बदलले, पेटीवर मात्र तीच. गेल्या उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात नाही सुधारला. मूठ वळते ती वळलेलीच राहते. तिने पेटी चादरीत बांधून कपाटावर ठेवायला लावली आणि आठ महिने त्या कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचा मुलगा ध्रुव बेंगळुरूला असतो. त्याने पार्सल पाठवलं. आठ मोठी रंगीत बटणं, मॉलमध्ये व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतात तसली, एक छोटं बोर्ड, वायरी आणि भोकं पाडलेला लाकडी खोका. बटण दाबलं की लॅपटॉपमधून सूर निघणार. बोटं नकोत, मूठ पुरे.

"काकू, बस सोल्डर करना है, पाच मिनिटांचं काम आहे," तो फोनवर म्हणाला.

"तुझ्या बापाच्या नाकात ऑक्सिजनची नळी आहे, विसरलास काय रे?" मी म्हटलं. थोरले दीर माधवराव चोवीस तास त्या मशीनवर असतात. आमच्या देवापुढचं निरांजनसुद्धा मागच्या अंगणात गेलं, तिथे तापलेली सळई कोण आणेल?

"तो दुकान में करवा लो ना."

दुकानात? मी जिवंत असताना? बाड्याच्या चौकाजवळच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मी थिंबल घेऊन आले. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची, वरून प्लॅस्टिक चढवलेली पितळी टोपी. ती बटणाच्या मागच्या धातूच्या चपट्या पत्रीवर सरकवली की झालं, डाग नको, आग नको. एक वायर मात्र माळेसारखी जायची, सा-पासून वरच्या सा-पर्यंत, या बटणावरून त्या बटणावर. माळ मध्येच सुटली की पुढचे सगळे सूर मुके.

एकेक जोड लावत गेले, ओढून बघत गेले. पंचमापर्यंत आले तेव्हा शेजारी बसलेली ताई म्हणाली, "एक मी लावते." पंचमाकडून धैवताकडे जाणाऱ्या वायरीचं अलीकडचं टोक तिने डाव्या हाताने पत्रीवर टेकवलं आणि उजव्या मुठीने रेटलं. कपाळावर घाम आला तिच्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आता तिचा जोड ओढायचा कसा? निघून हातात आला असता तर? मी नाही ओढला. मग पुढचे माझे ओढावेत, तर हिच्या लगेच लक्षात येणार की हिचाच तेवढा सोडला. म्हणून तेही नाही ओढले. सगळी बटणं वाजली, मी झाकण लावून टाकलं.

महिनाभर तिने घरी मुठीने भूप बसवला. समाजाचे सचिव विश्वासराव यांनी वार्षिक कार्यक्रमात पाच मिनिटं दिली. देताना चेहरा असा केला, जणू दान घालताहेत. निघताना ताईने मला सांगितलं, "वनमाला, चार लोकांत हे बंद पडलं तर उद्याच्या उद्या पेटी गोरखीच्या शाळेला देऊन यायचं. मग मला पुन्हा कशालाही बसवायचं नाही." ती उगाच बोलणारी बाई नाही.

हॉल भरलेला. मी तिच्या शेजारी लॅपटॉप सांभाळत बसले. सा, रे, ग सुरेल लागले. पंचम लागला, लोक सावरून बसले. ताई वर चढली आणि धैवत वाजलाच नाही.

तिने परत मूठ मारली. नुसता खट् आवाज. निषाद तर भूपात नसतोच, तिने वरचा सा मारला. खट्.

 वायर पंचम आणि धैवताच्या मध्ये सुटलीय, हे आंधळीलाही कळलं असतं. म्हणजे तिचाच जोड. आणि मी तो ओढला नव्हता.

विश्वासराव माईककडे निघाले. "कोई बात नहीं, मधुवंतीबाईंनी या तब्येतीत इतकं केलं, हेच खूप आहे. तर पुढचा कार्यक्रम…"

"थांबा," मी म्हटलं. "दो मिनट."

"अहो वनमालाबाई, वेळ…"

"बसा तुम्ही."

खोका उलटा केला, झाकण काढलं.  ताई खोक्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी थेट तिच्या जोडाला हात घातला आणि ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, रागाने ओढला. खोका हलला, पण जोड जागचा हलला नाही.

मग वायरीचं दुसरं टोक धरलं, धैवताकडचं. माझं. ते अलगद हातात आलं. पत्री टोपीत शिरलीच नव्हती, टोपी आणि वरच्या प्लॅस्टिकच्या मधल्या फटीत बसली होती. महिनाभर नुसती टेकून चालली, आणि आज सुटली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. बत्तीस वर्षांची नोकरी, आणि ही माझी करामत.

मी टोपी पत्रीवर लावायला गेले तर हाताला घाम, सरकेना. समोर कुणीतरी खोकलं. विश्वासराव घड्याळ बघत उभेच.

"धरून ठेव," ताई म्हणाली. मी टोपी नीट समोर धरली. तिने मूठ ठेवली आणि सगळं अंग घालून रेटली. कट् झालं. मी ओढून बघितलं. पक्कं.

तिने सा-पासून परत सुरू केलं. धैवत आला, वरचा सा आला. शेवटची तान घेताना तिची मूठ इतक्या जोरात पडत होती की मी एका हाताने खोका धरून बसले. लोक टाळ्या वाजवायला लागले तसा माझा जीव भांड्यात पडला. विश्वासराव सगळ्यांत उशिरा वाजवत होते.

परतताना ऑटोत खोका माझ्या मांडीवर होता. ताई म्हणाली, "तू आधी माझा जोड ओढलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं ताई. मला वाटलं, तुझाच सुटला असेल."

"मलाही तेच वाटलं. पेटी मनातल्या मनात देऊनसुद्धा टाकली होती मी." ती बाहेर बघत राहिली. "पण त्या दिवशी घरी तू तो ओढला नव्हतास. बघितलं होतं मी. नऊ महिने सगळे मला असंच जपून हात लावताहेत. आज तू दोन्ही हातांनी ओढलास ना, बरं वाटलं मला."

मी मांडीवरचा खोका सावरला.

"उद्या खोका उघड," ती म्हणाली. "सगळे ओढून बघ. माझा धरून. आणि आधी ती पेटी कपाटावरून खाली काढ, भात्यावर धूळ बसली असेल."