गरम चकतीचं माप

मी एक जुना व्हर्निअर कॅलिपर आहे आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. फरशीवर एकदा आपटलो, जबडे किंचित वाकले, की माझी सगळी मापं चुकणार. ही धास्ती मला जन्मापासून आहे.

तीस वर्षं मी एका टर्नरच्या हातात होतो. लेथवर धातू कातायचा आणि माप मला विचारायचं, हे त्याचं काम. त्याची मुलगी फिजिक्स शिकत होती. तो तिला चिडवायचा, "तुमच्या पुस्तकात घर्षण नसतं, पोरी. आमच्याकडे तेवढंच असतं!"

मग तो गेला. मी वर्षभर पेटीत पडून राहिलो. अंगावर गंज चढू लागला.

एके दिवशी मुलीने मला बाहेर काढून तेलाने पुसलं. पदवी फिजिक्सची, पण पुढचं शिक्षण तिने इंजिनिअरिंगमध्ये घ्यायचं ठरवलं होतं.

"हे काय खूळ घेतलंस डोक्यात?" आई म्हणाली.

"बघू तरी दे, आई."

तिच्या बोटांना घाम सुटला होता. मला तो कळला.

इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्सकडून येणाऱ्यांना एक अट होती. तिथल्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकती कातून पोलादी कड्यात घट्ट बसवायची. धातूचे तुकडे मिळणार दोनच. नाही जमलं तर प्रवेश रद्द.

पहिली चकती कातून होताच तिने घाईघाईने मला लावलं. माझे जबडे पोळले. चकती तापलेली होती! मला ओरडता येत नाही. दिसलं ते माप मी दाखवलं. निवल्यावर चकती केसभर आक्रसली आणि कड्यातून खाली पडली.

वर्कशॉपचे मास्तर आले. "बाई, धातू तापला की काय होतं?"

"प्रसरण पावतो, सर."

"कुणी शिकवलं?"

"मीच शिकवते. शिकवणीच्या मुलांना."

"मग एकदा स्वतःच्याच शिकवणीला बसा!"

वर्कशॉपमधले सगळे हसले. तीही हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

दुसरी चकती कातून झाली, तेव्हा वर्कशॉप बंद व्हायला अर्धा तास होता. तिने मला हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. ती स्टुलावर बसून राहिली. घड्याळ पुढे सरकत होतं. आता तुकडा उरला नव्हता, मित्रांनो, आणि मीही आतून गारठलो होतो.

चकती निवली. तिने तीनदा माप घेतलं, किंचित कातलं, पुन्हा थांबली, पुन्हा मोजलं. मग अंगठ्याने चकती कड्यात दाबली.

मास्तरांनी कडं उलटं करून झटकलं. चकती हलली नाही.

"उद्या आठला या," ते म्हणाले. "उशीर चालणार नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या कुणाचं तरी एखादं हत्यार असेल. ते पुसा आणि वापरा. हात थरथरला तरी चालेल, आम्ही सांभाळून घेतो.